धनगराकडची लोकर घरी कातून स्वेटर विणायचाय: ठाणे-नवी मुंबईत कोणी केलंय का?

घोडबंदरची

नमस्कार मंडळी. दोन सुयांवरचं विणकाम मला चांगलं येतं. बाळंतविड्यापासून पूर्ण बाह्यांच्या स्वेटरपर्यंत सगळं विणून झालंय. आता लोकरही स्वतः कातावी असं फार मनात आहे.

निमित्त असं झालं. कर्जतच्या बाजूला मामेसासऱ्यांची शेती आहे. भात कापून झालं की फलटणकडचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरून येतात आणि शेतकरी खतासाठी कळप शेतात बसवून घेतात. यंदा वाडा, म्हणजे धनगरांचा कळपासकट मुक्काम, आमच्याच शेतात होता. तिथल्या मावशींशी गप्पा मारताना कळलं, की हल्ली कातरणीची मजुरीही लोकरीच्या पैशांतून सुटत नाही. घेणारा नसेल तर लोकर तिथेच बांधावर टाकून पुढे जातात. ऐकून पोटात तुटलं. रीतसर पैसे देऊन एक पोतं घेऊन आले. काळी लोकर आहे, मधूनच तपकिरी झाक मारते.

आता पोतं गॅलरीत आहे आणि गॅलरी फ्लॅटची, म्हणजे दोरी बांधली की संपली. मला विचारायचंय:

ही लोकर फ्लॅटमध्ये धुवायची कशी? चरखा न घेता कातता येईल का? आणि मुख्य म्हणजे तिचा स्वेटर अंगात घालण्यासारखा होईल का? ओळखीतल्या सगळ्यांनी एकच ऐकवलं, "ती घोंगडीची लोकर, टोचणार." ज्यांनी प्रत्यक्ष हात घातलाय त्यांच्याकडून ऐकायचंय.

सुलट_उलट

वाचतेय. पोत्याचा फोटो टाका ना. दोन बोटांत एक बट धरून तिची लांबी मोजा आणि इथे लिहा. बाकीचं बरंच त्यावर ठरेल.

कोपरीकर

उत्साहाचं कौतुक आहे. पण मनापासून विचारतो, ठाण्यात घालणार कधी? जानेवारीत पहाटे चार दिवस पंखा बंद होतो, तेवढीच आपली थंडी. एवढी मेहनत करायची तर सुती काहीतरी विणलेलं बरं नाही का?

घोडबंदरची

@कोपरीकर, ऑफिस ऐरोलीला आहे आणि एसी बाराही महिने बर्फाचा. माझ्या खुर्चीवर कायम एक स्वेटर टांगलेला असतो. शिवाय हा स्वेटर वडिलांसाठी आहे, ते सिन्नरला असतात. तिकडची थंडी तुम्हाला माहीत असेलच.

@सुलट_उलट, बट मोजली. आखूड आहे हो, दोन ते तीन इंच. मधे जाड राठ केस आहेत आणि खाली मऊ, बारीक लव.

माणदेशी_वाशी

ताई, तुम्ही पोतं आणलंत हे वाचून फार बरं वाटलं. मूळचा माण तालुक्यातला, आता वाशीत. आमच्या गल्लीच्या टोकाला सणगरांचे, म्हणजे घोंगडी विणणाऱ्यांचे, माग होते, त्यामुळे हे सगळं बघत मोठा झालो.

तुमच्याकडची लोकर दख्खनी मेंढीची. ही मेंढी काटक, कोरड्या माळावर जगणारी, रोज मैलोन् मैल चालणारी. तिच्या अंगावर दोन तऱ्हेचे केस असतात, ते तुम्ही बरोबर ओळखलेत. वरचे राठ, आतली लव मऊ. मेरिनो लोकरीचा तंतू साधारण १७ ते २४ मायक्रॉन जाडीचा असतो. तंतू ३० मायक्रॉनच्या वर गेला की त्याचं टोक त्वचेला टोचल्यावर वाकत नाही, म्हणून खाज येते. दख्खनी लोकरीत असे जाड तंतू भरपूर. तेव्हा "टोचणार" हे खरं आहे, पण ते उघड्या अंगाला. आत पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट असला आणि गळ्याशी कॉलर असली तर फारसं जाणवत नाही. मेंढपाळ जन्मभर खांद्यावर घोंगडी घेतोच की.

घोंगडी पाण्याला दाद देत नाही, तिला चिंचोक्याची खळ लावतात, ती ताठ राहते. तुम्हाला खळ नको, तुम्हाला लवचीकपणा हवा. त्यामुळे घोंगडीचं सूत बघून नाउमेद होऊ नका. ते मागासाठी मुद्दाम घट्ट पिळाचं काढलेलं असतं. विणायला कमी पिळाचा, फुगीर धागा काढा, त्याच लोकरीचा हात एकदम वेगळा लागतो.

आणि पुढच्या वेळी मावशींना 'जावळ' मागा. कोकराची पहिली कातरणी. ती सगळ्यात मऊ. ती वेगळी ठेवून गळा आणि मनगटाच्या पट्ट्या तिच्या विणा.

सुलट_उलट

माणदेशी दादा, खूप छान लिहिलंत. जावळाचं मलाही माहीत नव्हतं.

नेरुळच्या_काकू

धुण्याबद्दल मी सांगते. फ्लॅटमध्ये सहज होतं, घाई मात्र चालत नाही.

आधी जुनी चादर अंथरून लोकर कोरडीच झाडून घ्या. कुसळं, गोखरू, लेंड्या, गवत, सगळं. शेपटाकडची आणि पायांकडची घाण लोकर सरळ काढून टाका, तिचा मोह नको. ती कुंडीत मातीखाली घाला, छान खत होतं. मग ओंजळभर लोकर एकेका जाळीच्या पिशवीत, कपडे धुवायच्या मशीनसाठी मिळतात ना त्या पिशव्यांत, सैल भरा.

पहिल्या दिवशी नुसत्या गार पाण्यात रात्रभर भिजवा. चहापेक्षा काळं पाणी निघेल. त्यात मेंढीच्या घामाचे क्षार असतात, ते पाणी झाडांना घाला. दुसऱ्या दिवशी बादलीत गीझरचं कडकडीत पाणी, ६० अंशांच्या आसपास, त्यात रिठ्याचं पाणी किंवा भांडी घासायचं साधं लिक्विड. पिशवी पाण्यात वरून दाबून बुडवा आणि सोडून द्या. वीस मिनिटं. घुसळायची नाही, चोळायची नाही, वरून नळाची धार सोडायची नाही. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. उष्णता, साबण आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला गोळा होतो, मग तो सुटत नाही. पाणी गार व्हायच्या आधी पिशवी उचला, नाहीतर सुटलेलं मेण परत लोकरीवर बसतं. पुढची बादली तितक्याच गरम पाण्याची. गरमातून एकदम गार पाण्यात टाकणं हेही नमद्याला आमंत्रणच. साबण निघेपर्यंत असंच.

वाळवायला सावली आणि वारा. गॅलरीत दोरीवर मच्छरदाणीचा तुकडा झोळीसारखा बांधा आणि त्यात पसरा. हे सगळं दिवाळी ते मे एवढ्यातच करा. पावसाळ्यात आपल्याकडे लोकर दोन-दोन दिवस ओली राहते आणि कुबट वास धरते, तो मग जाता जात नाही.

घोडबंदरची

काकू, हे छापून कपाटाच्या दारावर चिकटवते. मेण पूर्ण काढायचं का?

नेरुळच्या_काकू

नाही गं. बोटाला किंचित स्निग्धपणा लागला पाहिजे. अगदी कोरडी ठक्क लोकर कातताना तुटते आणि केसांसारखी उडते. लागलंच तर पिंजताना तळहाताला खोबरेल तेलाचा एक थेंब चोळून घे.

चाती_आणि_माळ

नौपाड्यात राहतो, निवृत्त आहे. घरी पेटी चरखा आहे आणि रोज सकाळी त्यावर कापूस कातायची सवय आहे. गांधीजी येरवडा तुरुंगात असताना या घडीच्या चरख्याला आकार आला, म्हणून त्याला येरवडा चरखाही म्हणतात. पण ताई, तुमच्या लोकरीसाठी तो घेऊ नका. त्याची चाती, म्हणजे धागा पिळणारी सळई, बारीक आणि वेगवान, ती कापसासाठी. कापसाच्या आखूड तंतूला झटपट पीळ लागतो, म्हणून तशी रचना. जाड लोकर त्यावर लगेच अति पिळली जाते आणि वळ्या पडतात.

तुम्ही टकळीने सुरुवात करा. शाळेत आम्हाला मिळायची ती पितळी चकतीची छोटी टकळीही कापसाचीच. तुम्हाला वजनदार हवी, ४०-५० ग्रॅमची. घरी बनते. फूटभर लांबीची गुळगुळीत लाकडी दांडी, पेन्सिलपेक्षा थोडी जाड. दोन जुन्या सीडी एकत्र चिकटवून मधल्या भोकात रबरी वायसर बसवा आणि दांडी त्यात घट्ट बसवा. दांडीच्या वरच्या टोकाला पडद्याच्या तारेला लावतात तसला छोटा आकडा फिरवून बसवा. जांभळी नाक्याच्या बाजारात हे सगळं एका फेरीत मिळेल.

आता कातणं. सुरुवातीला टकळी फिरती ठेवून त्याच वेळी लोकर सोडायला जाऊ नका. दोन्ही कामं वेगळी करा. टकळीला बाजारच्या लोकरीचा हातभर धागा बांधा, त्याच्या टोकाशी पिंजलेली लोकर जोडा. टकळीला घड्याळाच्या दिशेने गिरकी द्या आणि ती उलटी फिरायच्या आत गुडघ्यांत धरा. आता पीळ धाग्यात साठलेला आहे. डाव्या हाताच्या चिमटीने तो अडवून धरा, उजव्या हाताने लोकर हळूच मागे ओढा, इतकी की तंतू एकमेकांवरून सरकतील पण सुटणार नाहीत. मग चिमूट सैल करा. पीळ पुढे पळतो आणि डोळ्यांदेखत लोकरीचा धागा होतो. हे बघण्यात जो आनंद आहे तो मला इतक्या वर्षांनीही रोज होतो.

तुमचे तंतू दोन-तीन इंची आहेत, म्हणून दोन हातांत तेवढंच अंतर ठेवा. हात लांब गेले की धागा तुटतो, जवळ आले की लोकर सरकतच नाही.

पीळ पुरेसा झाला का हे बघायचं तर धागा सैल सोडा. तो स्वतःभोवती वळून दुपदरी होईल. त्या दुपदरी धाग्याचं रूप तुम्हाला आवडलं तर पीळ बरोबर.

खारघरी

इथे एक भर. एकेरी धाग्याचं विणू नका. एकाच दिशेचा पीळ असलेल्या धाग्याने सुलट टाक्यांचं विणलं की सगळा स्वेटर एका बाजूला तिरका ओढला जातो. शिवणी पोटाकडे फिरतात. घड्याळाच्या दिशेने कातलेले दोन धागे एकत्र घेऊन टकळी उलट दिशेने फिरवा आणि दुपदरी करा. दोन्ही पीळ एकमेकांना तोलतात. मग लड करून चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा, दाबून पाणी काढा आणि वजन न लावता वाळत टाका.

पिंजायला परदेशी कार्डिंग ब्रश फार महाग पडतात. कुत्र्यांचे केस विंचरायचे तारांचे चौकोनी ब्रश मिळतात, त्यांचा जोड घ्या. उत्तम चालतात.

कोपरीकर

वाचता वाचता रस वाटायला लागला. आम्ही ठाणेकर रेमंडच्या भोंग्यावर वाढलेले. १९२५ साली इथे ती लोकरीची गिरणी सुरू झाली, १९४४ मध्ये सिंघानियांकडे गेली, आणि २००९ साली ठाण्यातलं उत्पादन थांबलं. लोकर आली कुठून, तिचं कापड कसं झालं, हे मात्र जवळ राहूनही कधी विचारलं नाही. टकळी मीही करून बघणार.

जाळीकाम

माझं मत थोडं वेगळं आहे. पहिला धागा दख्खनीचा काढू नका. आधी थोडी विंचरलेली मेरिनो मागवा, हात बसू दे, मग पोत्याकडे वळा. राठ लोकरीत नवशिक्या माणसाला धागा जाडाबारीक येतो आणि तो सोडून देतो.

माणदेशी_वाशी

ताई, आदर ठेवून सांगतो, मला हे पटत नाही. मेरिनो इतकी निसटती असते की नव्या हाताला उलट अवघड जाते. दख्खनी लोकरीला पकड आहे, तंतू एकमेकांना धरून राहतात. आमच्याकडच्या बाया कोणतीही मेरिनो न बघता शिकल्या. आणि पोतं घरात असताना परदेशी लोकर मागवायची तर ती टाकून दिलेली लोकर तशीच राहिली.

चाती_आणि_माळ

मी माणदेशींच्या बाजूने. जाडाबारीक आला तर येऊ दे. दोन पदर एकत्र आले की निम्मं झाकलं जातं.

जाळीकाम

पकडीचा मुद्दा मान्य. पण निदान वर्गवारी करा. मऊ लव आणि राठ केस हाताने वेगळे होतात. बटेचं टोक धरून लांब राठ केस ओढले की ते निघून येतात. वेळखाऊ आहे, पण गळ्यापुरती तेवढी लोकर नक्की निघेल.

सुलट_उलट

आता विणण्याचं सांगते.

सुयांच्या नंबरांपासून सावध. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या सुयांना जुने इंग्लंडचे नंबर असतात, नंबर वाढला की सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, ६ नंबर म्हणजे ५. अमेरिकन नमुन्यांत बरोबर उलट, तिथला ८ नंबर ५ मिलिमीटरचा असतो. म्हणून नंबर सोडा आणि मिलिमीटर बघा.

तुमच्या धाग्याला ५ मिलिमीटरची सुई घ्या आणि आधी वीतभर चौकोन विणा. तो चौकोन धुवा, वाळवा, आणि मग मधले १० सेंटिमीटर मोजा. हातकताईचा धागा धुतल्यावर फुगतो, न धुता मोजलेलं माप खोटं निघतं. समजा १० सेंटिमीटरमध्ये १६ टाके आले. वडिलांची छाती ९० सेंटिमीटर, आत शर्ट म्हणून १० सैल, एकूण १००. पाठीला ५०, म्हणजे ८० टाके, शिवणीचे दोन, एकूण ८२. खालची पट्टी एक सुलट एक उलट, एक नंबर बारीक सुईवर, म्हणजे घेर धरून राहतो.

मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, साधा ठेवा, खांदा उतरता. जाड लोकरीत कोरीव मुंढा जड दिसतो. नक्षीच्या मागे लागू नका. काळ्या लोकरीत वेण्या दिसतच नाहीत आणि लोकर मात्र भरपूर खातात. उलट-सुलट दाण्यांची साधी वीण या धाग्याला शोभते, जाडीतला कमीजास्तपणा तिच्यात मिसळून जातो.

पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला ६०० ग्रॅमच्या पुढे लोकर धरा. कच्ची त्याच्या दुप्पट घ्या, कारण धुण्यात, पिंजण्यात आणि निवडण्यात बरीच जाते. गुंडा संपला की गाठ मारू नका. दोन्ही टोकांचे पदर सोडवून एकमेकांवर ठेवा, तळहात ओले करून जोरात चोळा. लोकर तिथेच एकजीव होते. ॲक्रिलिकमध्ये हे कधी होणार नाही.

वर्तकनगर_२

ॲक्रिलिकवरून आठवलं. एका दुकानात मला 'शुद्ध लोकर' म्हणून गुंडे दिले, घरी येऊन बघते तर सगळं ॲक्रिलिक. ओळखायचं कसं?

खारघरी

वीतभर तुकडा चिमट्यात धरून भांड्यावर पेटवा. लोकर नाखुशीने जळते, ज्योत काढली की विझते, केस जळल्यासारखा वास आणि बोटांत चुरडणारी राख. ॲक्रिलिक वितळत जळतं आणि मागे कडक काळा मणी राहतो. सुताला कागद जळल्याचा वास. दुकानात गुंडा घेण्याआधी एक टोक मागून घेता येतं.

लहान मुलांसाठी ॲक्रिलिक विणणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, मशीनमध्ये धुता येतं. पण गॅसजवळ वावरणाऱ्या माणसाला ते घालू नका.

ऐरोली_लोकल

ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये रोज विणते. लांब सरळ सुया गर्दीत शेजारणीच्या कुशीत लागतात. मधे वायर असलेल्या गोल सुया घ्या, सपाट विणकामही त्यांवर होतं आणि स्वेटरचं वजन मांडीवर राहतं. ताई, ऐरोलीला असाल तर सकाळी ठाण्याहून लेडीजच्या डब्यात भेटू, गोल सुयांचा एक जोड देईन.

चाती_आणि_माळ

@कोपरीकर, तुमचा सुती मुद्दा राहून गेला. सुताचा स्वेटर आपल्या हवेला योग्य आहे, पण सूत ताणलं की परत आवळत नाही. जड होतो आणि घालून घालून लांब होतो. अर्ध्या बाह्यांचं जाकीट करा, ते टिकतं. कापूस कातायला आपली दमट हवा मात्र फार चांगली, कोरड्या दिवसांत सूत जास्त तुटतं. मला श्रावणात सगळ्यात बारीक सूत निघतं.

नेरुळच्या_काकू

कसरीचं, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीचं, कोणीच बोललं नाही! उरलेली लोकर पोत्यात तशीच ठेवू नकोस. कसरीच्या अळ्या मळलेल्या, घामट लोकरीवर आधी बसतात. धुवून, खडखडीत वाळवून, हवाबंद पिशवीत भरून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेव, मग डब्यात. कडुनिंबाचा पाला घालायला हरकत नाही, पण एकट्या पाल्यावर विसंबू नकोस. पावसाळ्यानंतर एकदा सगळं बाहेर काढून उन्हात झटकायचं.

घोडबंदरची

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! पहिल्या दोन पिशव्या धुवून झाल्या. काकू, चहापेक्षा काळं पाणी निघालं, आणि लोकर वाळल्यावर हाताला इतकी हलकी लागते की पोत्यातली तीच का असं वाटावं. लव वेगळी काढायला मुलगा बसतो माझ्याबरोबर. सीडीची टकळी झाली. धागा अजून कुठे सुतळी, कुठे दोरा असा येतोय, पण पीळ पळताना दिसतो.

ऐरोलीताई, सोमवारी आठ बाराची ठाणे-वाशी, मधला लेडीज.

माणदेशी दादा, वाडा अजून कर्जतलाच आहे. मामेसासऱ्यांना फोन करून मावशींना जावळाचं विचारायला सांगितलंय. आणखी कोणाला हवी असेल तर इथेच किलोत लिहा. एकदम मागणी गेली तर पुढच्या कातरणीला त्या बाजूला काढून ठेवतील. भाव त्यांनी सांगायचा, आपण घासाघीस करायची नाही.

माणदेशी_वाशी

दोन किलो, काळी. वाशी स्टेशनला येऊन घेईन.

कोपरीकर

एक किलो. पांढरी असेल तर पांढरी.

खारघरी

माझी दीड किलो. पांढरी असेल तर डाळिंबाच्या साली आणि तुरटी घालून रंगवून बघायचीय, त्याचा वेगळा धागा काढते.